कोल्हापूरचा अमेरिकन पाद्री आणि त्याचे शास्त्रीबुवा

मागं आवाज पोचतोय ना? ठीक आहे.

न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. शाळेत असताना मी त्यावरून सायकलनं जायचो. 'वायल्डर' हे कुणातरी गोऱ्या साहेबाचं नाव असणार, एवढीच माझी समजूत. रेसिडेंट असेल, नाहीतर कलेक्टर असेल. पुढं वाचायला लागल्यावर कळलं की हा माणूस इंग्रज नव्हता आणि सरकारी तर मुळीच नव्हता. रॉयल गूल्ड वायल्डर हा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला, ब्रिडपोर्ट नावाच्या गावचा. जन्म १८१६. म्हणजे तो जन्मला तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती. हा माणूस १८५२ साली कोल्हापुरात येऊन राहिला आणि आमच्या गावात मराठीतून प्रवचनं द्यायला लागला.

मिशनऱ्यांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यांनी शाळा काढल्या, छापखाने काढले, कोश केले. दुसऱ्या बाजूला धर्मांतराचा वाद. त्या वादात मी आज शिरणार नाही. मला आज एवढंच बघायचंय की तिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा माणूस मराठी शिकला कसा, आणि कुणाकडून. कारण माझं म्हणणं असं आहे, की मिशनऱ्याची मराठी ही त्याला शिकवणाऱ्याची मराठी असते. आणि ती कुणाची आहे यावर ती कुणाच्या कानापर्यंत जाणार, हे ठरतं.

तर आधी तिकडची तयारी. वायल्डर मिडलबरी कॉलेजातून १८३९ मध्ये पदवीधर झाला आणि मग अँडोव्हरच्या धर्मशिक्षण विद्यालयात गेला. बाहेर पडला १८४५ ला. अँडोव्हर हे त्या काळी परदेशी जाणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांचं जणू माहेरघर. मुंबईत पहिल्यांदा आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट तिथलेच. १८१२ साली सेलम गावी त्यांना दीक्षा मिळाली, जहाजानं ते कलकत्त्याला आले, कंपनी सरकारनं 'चालते व्हा' म्हटलं, तरी कसेबसे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. अमेरिकन मराठी मिशनची ही सुरुवात.

आता अँडोव्हरमध्ये शिकवायचे काय? तीन वर्षांचा अभ्यास. हिब्रू आणि ग्रीक ह्या दोन भाषा पक्क्या. तिथले मोझेस स्टुअर्ट हे हिब्रूचे मोठे अध्यापक. त्यांनी स्वतः हिब्रूचं व्याकरण लिहिलेलं. मग धर्मसिद्धान्त, चर्चचा इतिहास, प्रवचन कसं रचायचं, आक्षेपाला उत्तर कसं द्यायचं. विद्यार्थ्यांची स्वतःची मंडळं होती, त्यात परदेशातून आलेली मिशनऱ्यांची पत्रं वाचली जायची. हे सगळं होतं. नव्हतं काय, तर ज्या लोकांमध्ये जाऊन जन्म काढायचा त्यांच्या भाषेचं एक अक्षरसुद्धा.

ह्यात त्या विद्यालयाचा फार दोष काढण्यात अर्थ नाही. शिकवणार कोण? पण ह्या शिक्षणाचा एक परिणाम होतो बघा. हिब्रू शिकायची म्हणजे व्याकरण घ्यायचं, कोश घ्यायचा आणि एका ग्रंथाचा अर्थ लावत बसायचं. ती भाषा बोलणारा माणूस तुमच्यासमोर नसतो. तो हसत नाही, 'असं म्हणत नाहीत' असं सांगत नाही. भाषा म्हणजे ग्रंथ, आणि ग्रंथ म्हणजे व्याकरण आणि कोश, अशी सवय लावून घेतलेला हा तरुण १८४६ साली जहाजात बसला. सुएझचा कालवा व्हायला अजून वीस-बावीस वर्षं होती. आफ्रिकेला वळसा घालून यायचं, म्हणजे चार महिन्यांचा प्रवास.

तो आला अहमदनगरला. नगरला अमेरिकन मिशनचं ठाणं १८३१ पासून होतं. वायल्डर तिथं सहा वर्षं राहिला, मिशनच्या मुलांच्या शाळेचं काम बघितलं. त्याच नगरमध्ये त्याच सुमारास मिस फरारबाईंची मुलींची शाळा होती. सिंथिया फरार. जोतीराव फुल्यांनी ती शाळा पाहिली आणि मग पुण्यात भिडेवाड्यात १८४८ ला स्वतःची शाळा काढली, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे ज्या वर्षांत हा अमेरिकन पाद्री नगरात मराठीची बाराखडी गिरवत होता, त्याच वर्षांत, त्याच मिशनच्या एका शाळेतून महाराष्ट्रातली एवढी मोठी गोष्ट निघत होती.

बाराखडी म्हटलं, ते शब्दशः घ्या. पद्धत अशी असायची: सकाळी बंगल्यावर शास्त्रीबुवा यायचे. मिशनऱ्यांच्या कागदपत्रांत त्यांना 'पंडित' नाहीतर 'मुन्शी' म्हणतात, आणि बहुतेक वेळा तेवढंच म्हणतात, नाव नाही. ब्राह्मण गृहस्थ, संस्कृत झालेलं, अक्षर चांगलं. समोर टेबलावर मोल्सवर्थचा कोश. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची. दुसरी, आपण आजही वापरतो ती, सुमारे ६० हजार शब्दांची, १८५७ ची. म्हणजे नगरला शिकणाऱ्यांच्या हातात पहिलीच. व्याकरणासाठी स्टीव्हन्सनचं पुस्तक होतं, दादोबा पांडुरंगांचं १८३६ चं व्याकरण होतं. वाचायला छत्र्यांची इसापनीती, बाळमित्र अशी शाळेसाठी छापलेली पुस्तकं. मग लिपी दोन. छापलेलं बाळबोधात, पण लोकांची पत्रं, हिशेब, अर्ज सगळं मोडीत. एक शिकून हुश्श करावं तर दुसरी समोर.

आणि ह्या शास्त्रीबुवांचं काय चाललं असेल, ह्याचा कधी विचार केलाय? तो काळ लक्षात घ्या. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पाद्र्यांच्या घरी राहून जेवला, म्हणून त्याला जातीत परत घ्यायचं की नाही ह्यावर केवढं रण माजलं! बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले तर त्यांनाच त्रास झाला. ह्याला तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा वायल्डर नगरला आला. अशा दिवसांत रोज सकाळी पाद्र्याच्या बंगल्यावर जाऊन त्याला भाषा शिकवणं ही काही साधी नोकरी नव्हती. शिकवायचं, पगार घ्यायचा, पाणी प्यायचं नाही, घरी येऊन आंघोळ करायची. आणि मनात हेही ठाऊक, की ही भाषा आपल्याच धर्माविरुद्ध बोलण्यासाठी शिकली जातेय. मला ह्या माणसाबद्दल फार कुतूहल वाटतं. पाद्र्याबद्दल वाटतं त्याहून थोडं जास्तच.

आता शिकवताना अडायचं कुठं? ट आणि त, ड आणि द, हे तर ठरलेलंच. ळ आहेच. पण खरी गंमत च आणि ज ह्यांची. अक्षर एक, उच्चार दोन. 'चार' म्हणजे चार आणि 'चारा' म्हणजे जनावरांचा चारा. ह्यातला च वेगळा, त्यातला च वेगळा, आणि लिहिताना काही खूण नाही. 'तो जात आहे' आणि 'त्याची जात' हे मोठ्यानं म्हणून बघा. आपण विचारही न करता दोन वेगळे ज म्हणतो. ह्या बिचाऱ्यानं एकाच ज नं दोन्ही म्हटलं तर? हिंदुस्थानात आलेल्या पाद्र्याला सगळ्यात जास्त वापरावा लागणारा शब्द 'जात', आणि नेमका तोच घसरणार. (हशा)

पण ह्याहून खोल अडचण सर्वनामात आहे. इंग्रजीत एकच शब्द. मराठीत 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो. आता पाद्री चावडीसमोर उभा राहून पापाबद्दल बोलतोय. 'तुम्ही पापी आहात' म्हणाला तर भांडण. 'आम्ही पापी आहोत' म्हणाला तर लोक म्हणणार, बरं, असाल बुवा, आम्हाला काय त्याचं. 'आपण पापी आहोत' म्हणाला तरच काही बोलणं पुढं जाईल. पण तोच मनुष्य डोळे मिटून देवाची प्रार्थना करायला लागला, की तिथं 'आपण' चालत नाही. देव काही पाप्यांत मोजायचा नसतो, तिथं 'आम्ही'च. एका सर्वनामात सगळा धर्मविचार. अँडोव्हरच्या तीन वर्षांत ही गोष्ट शिकवता आली नसती. ती ओसरीवर बसलेल्या शास्त्रीबुवांनीच 'असं नाही हो पाद्रीबाबा' म्हणून सांगायची.

आणि शब्द? शास्त्रीबुवा शब्द द्यायचे, पण शब्दाबरोबर त्याचं सगळं गोत्र यायचं. 'पुन्हा जन्म घेतला पाहिजे' असं ख्रिस्ती शिकवणीत म्हणतात. त्याचा अर्थ ह्याच आयुष्यात माणूस बदलणं. हे वाक्य मराठी गावात उच्चारलं तर ऐकणारा म्हणेल, महाराज, ८४ लक्ष योनींतनं आत्ताच तर सुटलोय, परत कशाला? 'मोक्ष' घ्यावा तर त्यात तेच. म्हणून मिशनऱ्यांनी 'तारण' पुढं आणला. तारणं, बुडणाऱ्याला वाचवणं. हा शब्द मला फार चांगला वाटतो. 'शुभवर्तमान' हाही चांगला बसला. बाप्तिस्म्याला मात्र कुणी शब्द काढलाच नाही. 'स्नान' म्हणावं तर तीर्थाचं स्नान डोळ्यांपुढं येणार. मग तो शब्द तसाच ठेवला. ह्यातून जी एक ख्रिस्ती मराठी तयार झाली, ती आजही चर्चमध्ये ऐकायला मिळते: उपासना, पाळक, तारण, प्रभुभोजन. तिच्यावर शास्त्र्यांच्या मराठीची छाप आहे. संस्कृत शब्द पुष्कळ, वाक्य लांब.

मघाशी म्हटलं, मिशनऱ्याची मराठी ही त्याला शिकवणाऱ्याची मराठी. ह्याचं पहिलं उदाहरण वायल्डरच्या चाळीस वर्षं आधीचं आहे. विल्यम कॅरी. हा बंगालमध्ये श्रीरामपूरला राहणारा, फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवणारा. महाराष्ट्रात त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. पण १८०५ साली त्यानं मराठीचं व्याकरण छापलं, त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं, आणि १८१० ला कोश काढला, तोही मोडीत. हे जमलं कसं? त्याच्याजवळ वैजनाथ नावाचे पंडित होते, नागपूरकडचे. त्यामुळं त्या भाषांतरात मराठी आली ती तिकडची. मुंबईला आलेल्या अमेरिकनांनी ते भाषांतर पाहिलं आणि ठरवलं, हे आपल्या लोकांना चालणार नाही. त्यांनी नव्यानं भाषांतर हाती घेतलं. १८२६ ला त्यांचा नवा करार छापून झाला. म्हणजे बघा, पंडित बदलला, पुस्तक बदललं. कॅरीचं नाव सगळ्यांना ठाऊक. वैजनाथांचं किती जणांना?

तर असा हा तरुण सहा वर्षं नगरची मराठी शिकून १८५२ च्या अखेरीला कोल्हापुरात आला. आता वय छत्तीस, घरी बायको, भाषा हातात आलेली. आता त्यांना अहो-जाहो करायला हवं. (हशा) नगरहून कोल्हापूर साडेतीनशे किलोमीटर. रेल्वे हिंदुस्थानात अजून सुरूच झाली नव्हती. संस्थानात १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव होऊन गेलेला, कारभारावर इंग्रजांची देखरेख. अशा गावात नगरची शास्त्रीय मराठी घेऊन वायल्डरसाहेब आले आणि त्यांच्या कानावर पडली आमची मराठी!

आता आमची मराठी म्हणजे काय, हे इथं कोल्हापुरात सांगायला नको, पण हे ध्वनिमुद्रण बाहेरचेही ऐकतात म्हणून सांगतो. माझी आजी आयुष्यभर 'मी जातो', 'मी येतो' असंच म्हणाली. बाई असून 'जातो'. आमच्याकडं आजही बायका तसं बोलतात, आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. ज्या माणसानं तीन लिंगं घोकून पाठ केलीत, 'ती जाते, तो जातो, ते जातं', त्याच्यासमोर एखादी म्हातारी लुगड्याचा पदर सावरत 'मी जातो बाबा आता' म्हणाली तर तो काय समजेल? कोश उघडून काही उपयोग नाही. शिवाय शब्दांत कानडी मिसळलेली, सीमा जवळ. वायल्डर पुढं खेड्यापाड्यांतून खूप फिरले; तीनएक हजार गावांमध्ये त्यांनी प्रवचनं दिली असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. म्हणजे शिक्षणाचा दुसरा टप्पा तिथं झाला. पहिला ओसरीवर, दुसरा बाजारात आणि चावडीवर.

आणि आता एक विलक्षण गोष्ट. वायल्डर कोल्हापुरात बसून दोन वर्षं होतात न होतात तोच बोस्टनहून त्यांच्या वरिष्ठांचं शिष्टमंडळ आलं. १८५४-५५. रूफस अँडरसन हे मिशन बोर्डाचे सचिव, त्यांच्याबरोबर थॉम्प्सन नावाचे पाद्री. अँडरसन हे मोठे विचारी गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं, की मिशननं इंग्रजी शाळा चालवू नयेत. पोरं इंग्रजी शिकतात आणि सरकारी नोकरीत जातात. प्रचार देशी भाषेतून व्हावा, देशी पाद्री तयार व्हावेत, चर्च इथल्या लोकांच्या हाती जावं. त्याच वेळी नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ह्यांना दीक्षा देऊन पाद्री करण्यात आलं. विचार म्हणून हा आजही कुणाला पटेल. पण त्याबरोबर कात्री लागली ती शाळांना. ख्रिस्ती नसलेल्या मुलांसाठी मिशननं एवढा खर्च का करावा, असा प्रश्न आला.

वायल्डरांनी ह्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं, शाळा हाच आमचा दरवाजा आहे. तो लावला तर गावात शिरायचं कुठून? १८६१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला ह्यावर एक अख्खं पुस्तक छापलं, बोर्डाच्या भारतातल्या मिशन शाळांविषयीचं. आणि मला ह्यात जी गोष्ट खुपते ती अशी, की देशी भाषेचं धोरण आणणाऱ्या अँडरसनना मराठीतलं एक वाक्य येत नव्हतं. ते काही महिने राहिले, दुभाष्यांकडून ऐकलं आणि ठरवून गेले. आणि ज्यांना मराठी येत होती, ज्यांनी त्यासाठी उमेदीची वर्षं घातली होती, त्या वायल्डरांचं म्हणणं बाजूला पडलं. अँडरसन चूक होते असं मी म्हणत नाही. इंग्रजी शिकून पोरं कारकून झाली हे खरंच आहे. आपण सगळे त्याच वाटेनं आलोय. पण भाषेविषयीचे निर्णय बहुधा ती भाषा न येणारे घेतात, हे फक्त १८५४ सालापुरतं आहे असं मला वाटत नाही.

पुढं काय झालं? वायल्डर प्रकृतीमुळं अमेरिकेला गेले, आणि ते तिकडं असतानाच बोर्डानं कोल्हापूरचं ठाणं सोडून दिलं. चव्वेचाळीस-पंचेचाळिशीचा माणूस. घर-संसार, मुलं. अमेरिकेत एखादं चर्च मिळालं असतं, पगार मिळाला असता. हे गृहस्थ १८६१ मध्ये कोणत्याही मंडळाच्या पाठिंब्याशिवाय, मित्रांनी दिलेल्या वर्गणीवर, परत कोल्हापूरला आले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं हे काम आपल्याकडं घेईपर्यंत, म्हणजे जवळपास दहा वर्षं, ते स्वतंत्रपणे राहिले. परत का आले ह्याला श्रद्धा हे उत्तर आहेच. पण मला वाटतं, भाषा हेही आहे. पंधरा वर्षं घालवून जी वस्तू कमावली, ती व्हरमाँटमध्ये कुठं वापरणार? मराठी बायबलची फेरतपासणी करणाऱ्या समितीवरही त्यांनी काम केलं. म्हणजे जो शिकायला आला, तो शेवटी भाषेचा परीक्षक झाला.

ह्या दुसऱ्या मुक्कामात, १८६३ साली, त्यांना कोल्हापुरात मुलगा झाला. रॉबर्ट. ह्या मुलाला शास्त्रीबुवांची गरज नव्हती. इथं जन्मलेल्या गोऱ्या मुलांना मराठी आयांकडून, माळ्याच्या पोरांकडून, अंगणातनंच मिळायची. ते दोन्ही ज न शिकवता म्हणायचे. रॉबर्टची बारा-तेरा वर्षं इथं गेली. मग वडील थकले, कुटुंब प्रिन्स्टनला गेलं. वडिलांनी तिथं १८७८ ला 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचं मासिक काढलं. मुलगा प्रिन्स्टनला शिकला, आणि १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं तेव्हा ह्या आमच्या कोल्हापूरच्या पोरानं तिथं चळवळ उभी केली. अडीचशे विद्यार्थ्यांपैकी शंभर जणांनी परदेशी मिशनरी म्हणून जायची तयारी दाखवली. त्याची बहीण ग्रेस ह्या सगळ्यामागं होती. दोघांनी मिळून प्रार्थना करून हे ठरवलेलं. मग रॉबर्ट आणि जॉन फोरमन नावाचा दुसरा विद्यार्थी, तोही लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा, कॉलेजाकॉलेजांतून फिरले. पुढच्या काही दशकांत ह्या चळवळीतून २० हजारांच्या आसपास तरुण-तरुणी जगभर गेल्या. एवढ्या मोठ्या गोष्टीचं एक मूळ कोल्हापुरात आहे, आणि कोल्हापुरात ते कुणाला ठाऊक नाही!

चळवळीचं ब्रीद होतं, ह्याच पिढीत जगभर संदेश पोचवायचा. एका पिढीत! मला हे वाचताना वडिलांची ती नगरची सहा वर्षं आठवतात. 'आम्ही' आणि 'आपण' कळायलाच निम्मी पिढी जाते. घाई आणि भाषा ह्यांचं जमत नाही.

आणि रॉबर्ट स्वतः? तो १८९२ मध्ये हिंदुस्थानात परत आला. कलकत्ता, पुणे इथं कॉलेजच्या विद्यार्थ्यांमध्ये त्यानं काम केलं. म्हणजे इंग्रजी शिकलेल्या मुलांमध्ये, इंग्रजीतून. ज्याच्या तोंडी मराठी जन्मापासून होती त्याचं मुख्य काम इंग्रजीत झालं. ज्यांनी ती घोकून मिळवली त्या बापाचं मराठीत. अँडरसन ज्या मुलांची काळजी करत होते, इंग्रजी शिकून पुढं जाणारी, ती मुलं आता पुण्याच्या कॉलेजांत बसलेली होती.

डॉक्टर वानलेस ह्यांच्याविषयी दोनच वाक्यं बोलतो, नाहीतर मिरजेची मंडळी रागावतील. विल्यम वानलेस, कॅनडातले, न्यूयॉर्कला डॉक्टर झाले आणि १८८९ मध्ये ह्याच मिशनमधून सांगलीला आले. मिरजेचं रुग्णालय १८९४ चं. डॉक्टरला जी मराठी लागते ती शास्त्रीबुवांकडं नसते. कळ, ठणका, चमक, मुरडा, उमासा, 'आतल्या आत कसनुसं होतंय': हे शब्द रोगीच शिकवणार. माझा अंदाज असा, की ह्या भागातल्या मिशनऱ्यांमध्ये सगळ्यात जिवंत मराठी डॉक्टरांना आणि नर्सबाईंना आली असेल, कारण त्यांना बोलण्याआधी ऐकावं लागायचं. चूक ऐकलं तर माणूस दगावणार.

शेवटी एका बाईंकडं वळतो, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. त्या कोल्हापूरच्या नव्हेत, केडगावच्या. पंडिता रमाबाई. संस्कृत तोंडपाठ, कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलेली बाई. पुढं ख्रिस्ती झाल्या. त्यांनी मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुली आणि बायका खेड्यातल्या, दुष्काळातनं आलेल्या. त्यांना छापील बायबल वाचून दाखवलं तर कळेना. का कळेना, हे आपण इतका वेळ बोलतोय. ती शास्त्र्यांची मराठी. आणि शास्त्र्यांची मराठी रमाबाईंहून कुणाला जास्त कळत होती? त्यांना ती अंगभूतच होती. म्हणून तर त्यांना ती टाकता आली.

त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. वायल्डर अँडोव्हरमध्ये ज्या दोन भाषा शिकून निघाले, नेमक्या त्याच. फरक असा, की ते तिथून मराठीकडं आले, आणि ह्या मराठीकडून तिथं गेल्या. वर्षानुवर्षं बसून त्यांनी मूळ भाषांवरून सगळं बायबल सोप्या मराठीत उतरवलं, स्वयंपाकघरात आणि शेतात काम करणाऱ्या बाईला कळेल अशा. ते काम संपवून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. छपाई केडगावच्याच छापखान्यात झाली, आणि त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या होत्या त्याच बायका, ज्यांना आधीचं पुस्तक कळत नव्हतं.

मी इथं थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर माइक तिकडं पाठवतो. पहिल्या रांगेतल्या आजींनी मघापासून हात वर केलाय.